खजिनदारांची फाईल आणि तांबड्या ओळी



इथे बहुतेक जण शाळेच्या, संत्र्याच्या बागांच्या, सौंसरवरून जाणाऱ्या छोट्या गाडीच्या आठवणी लिहितात. मी लिहितो आहे ती आठवण तेवढी जुनी नाही, 2021 सालची आहे, आणि संगणकाची आहे. पोस्ट लांब झाली आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या सावरगावात पन्नासेक घरांचे एक लहानसे मंडळ आहे. घरटी महिन्याला दोनशे रुपये जमा करायचे आणि कोणाच्या घरी आजारपण निघाले की त्यातून मदत करायची, एवढाच त्याचा व्याप. हिशेब आमचे खजिनदार ठेवत. माझे शाळेपासूनचे मित्र. वही त्यांनी कधीच सोडून दिली होती. सगळा हिशेब ते संगणकावर ग्नूकॅश नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायचे. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मंडळाचा पैसा भराभर बाहेर गेला. कोणाला नागपूरला न्यायला गाडी, कोणाला सिलिंडर, कोणाला इंजेक्शन. रात्री बारा वाजता पैसे द्यायचे तिथे पावती कोण मागतो? त्याच महिन्याच्या शेवटी खजिनदार स्वतः गेले.

जून उजाडला तेव्हा पासबुकात 23,610 रुपये होते. लोकांच्या अंदाजाने सव्वा लाखाच्या आसपास असायला हवे होते. "पैसा गेला कुठं जी?" हे आधी ओट्यावर, मग किराणा दुकानात, मग फोनवर सुरू झाले. उघड कोणी काही म्हणत नव्हते. जाम नदीत गोटमारीला लागलेला दगड निदान दिसतो तरी. हे तसे नव्हते. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, यायनं एक रुपाया इकडचा तिकडं नाही केला. पण माह्या सांगण्यानं काय होते? कागद दाखवा."

कागद नव्हता. लॅपटॉप मुलाने पुण्याला नेला होता आणि नातीच्या ऑनलाइन शाळेसाठी पुसून नव्याने तयार करून घेतला होता. त्यात त्याचा दोष नाही, त्या दिवसांत घरोघरी तेच चालले होते. राहिला होता एक पेनड्राइव्ह. खजिनदार दर रविवारी फाईलची प्रत त्यावर घेऊन ठेवत. पोळ्याला बाहेरगावचे सगळे येतात, त्याआधी सभा घेऊन हिशेब मांडायचा असे ठरले आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात आला.

माझ्याकडे जुना 32 बिटचा लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट 19.3. ग्नूकॅश त्यावर होतेच, पण जुन्या 2.6 मालिकेतले. पहिले काम, फाईलच्या तीन प्रती काढल्या आणि मूळ पेनड्राइव्ह कपाटात ठेवून दिला. मग एक प्रत उघडायला गेलो, तर प्रोग्रॅम म्हणतो की या फाईलसाठी योग्य बॅकएंड सापडला नाही. खजिनदारांनी फाईल एसक्यूलाइट या प्रकारात ठेवली होती. ती वाचायला एक छोटा ड्रायव्हर लागतो आणि तो ग्नूकॅशबरोबर आपोआप येत नाही. सिनॅप्टिकमध्ये नाव शोधले, लिब-डीबीडी-एसक्यूलाइट3, खूण केली, दोन मिनिटांत बसला. ही झाली पहिली अवलंबित्वाची गाठ, आणि सगळ्यात सोपी. इंग्रजीत याला डिपेंडन्सी म्हणतात. म्हणजे एका प्रोग्रॅमला आपले काम करायला दुसरा कोणी लागतो, तो हजर नसेल तर पहिलाही अडतो.

पुन्हा उघडायला गेलो. आता म्हणे, या फाईलमध्ये अशा सोयी वापरल्या आहेत ज्या तुमच्या आवृत्तीला कळत नाहीत, नवी आवृत्ती घ्या. खजिनदारांकडे 3 मालिकेतले ग्नूकॅश होते.

तुम्ही विचाराल, नवी आवृत्ती उतरवून घ्यायची, त्यात काय? मिंटच्या भांडारात माझ्या आवृत्तीसाठी 2.6 च होती. फ्लॅटपॅक नावाचे तयार डबे मिळतात, पण ते 64 बिटच्या यंत्रांसाठी. विंडोजवर ग्नूकॅश चालते, पण विंडोजचा संगणक म्हणजे कोणाचा तरी, नाहीतर पांढुर्ण्यातल्या दुकानातला. त्या फाईलमध्ये कोणाच्या घरी कोणते आजारपण होते आणि किती पैसे घेतले याची नावानिशी नोंद होती. आयुष्यभर खातेदाराची माहिती काउंटरच्या बाहेर जाऊ दिली नाही, आता शेवटी ती परक्या यंत्रावर ठेवायची माझी तयारी नव्हती.

फाईलच्या आत मी डोकावलो मात्र. एसक्यूलाइटची फाईल दुसऱ्या साध्या साधनानेही उघडते. आत तक्त्यांमागून तक्ते होते. प्रत्येक खात्याला आणि व्यवहाराला बत्तीस अक्षरांचे आकडे-अक्षरे मिसळलेले नाव, आणि रक्कम अंश-छेदात. म्हणजे पंधराशे रुपये असतील तर एका रकान्यात 150000 आणि शेजारच्या रकान्यात 100. शेरे मात्र स्वच्छ मराठीत होते. एक वाचला, "रात्री 1 वाजता, गाडीभाडे, पावती नाही." माझा जीव भांड्यात पडला. नोंदी होत्या. पण असा तक्ता सभेत ठेवला असता तर लोक म्हणाले असते, हे काय घेऊन आला बाप्पा!

तेव्हा उरला एकच रस्ता, प्रोग्रॅमचा मूळ कोड आणून आपल्या यंत्रावर तो घडवायचा. याला कंपाईल करणे म्हणतात. ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तयार प्रोग्रॅम म्हणजे हॉटेलातून आणलेला सावजी रस्सा. मूळ कोड म्हणजे त्याची कृती, घरी करायची. कृतीत लिहिलेले असते, "दोन चमचे काळा मसाला घाला." घरात काळा मसाला नसेल तर तो करायला घ्यावा लागतो, आणि मग कळते की त्याला दगडफूल पाहिजे, शहाजिरे पाहिजे, आणि दगडफूल तर संपले आहे. कोड घडवताना नेमके असेच होते, फक्त इथे स्वयंपाकघर तांबड्या अक्षरांत ओरडते.

ग्नूकॅशच्या स्वतःच्या ठिकाणाहून 3 मालिकेतला कोड उतरवला. बरोबर दिलेला पडताळणीचा लांबलचक आकडा माझ्या फाईलशी अक्षर-अक्षर जुळवला. धनादेशावरची सही न पाहता पैसे देऊ नयेत तसेच हे. मग एक वेगळा रिकामा फोल्डर केला, म्हणजे उद्या सगळे पुसायचे झाले तर मूळ कोडला धक्का नको. त्यात सीमेक नावाचा कार्यक्रम चालवला. सीमेक स्वतः काही घडवत नाही. तो घरात फिरून कोणते सामान आहे, कोणते नाही, याची यादी तपासतो.

पहिल्याच फेरीत पडदाभर अक्षरे आली आणि तळाशी लिहून आले की कॉन्फिगर करणे अपूर्ण राहिले, चुका झाल्या. नातू पुण्याला संगणकाचेच काम करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आबाजी, शेवटची ओळ नका वाचू. ती नेहमी सारखीच असते. वर जा, पहिला एरर शोधा, तेवढाच वाचा आणि तेवढाच मिटवा." या एका वाक्यावर पुढचा आठवडा निघाला. बँकेत दिवसाचा ताळा चुकला की आम्ही तरी काय करत होतो? शेवटच्या बेरजेकडे बघत बसून फरक सापडत नाही. पहिल्या व्हाउचरपासून जावे लागते.

पण दुसऱ्याच ओळीवर मी अडलो, आणि माझ्या मते नव्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी जागा हीच आहे. सीमेक म्हणाला, वेबकिट सापडत नाही. सिनॅप्टिकमध्ये पाहिले तर वेबकिट बसलेले आहे! हिरवी खूण समोर दिसते आहे. मग हा नाही कसा म्हणतो?

उत्तर असे. लिनक्सवर एकेका ग्रंथालयाची, म्हणजे लायब्ररीची, दोन पाकिटे असतात. एकात चालायला लागणारी वस्तू असते. दुसऱ्याच्या नावाच्या शेवटी "डेव्ह" लिहिलेले असते आणि त्यात हेडर फाईली असतात. या ग्रंथालयात कोणकोणती कामे होतात, त्यांना कसे बोलवायचे, काय द्यायचे, काय परत मिळेल, याचे वर्णन. तयार प्रोग्रॅम चालवायला पहिले पाकीट पुरते. घडवायला दुसरेही लागते. बँकेत अधिकारी खुर्चीत बसलेला असतो, पण दुसऱ्या शाखेला त्याच्या सहीची खात्री करायची तर नमुना सहीचे पुस्तक लागते. माणूस असून भागत नाही. हेडर म्हणजे ते नमुना सहीचे पुस्तक. लिब-वेबकिट2जीटीके-4.0-डेव्ह हे पाकीट घातले आणि ती तांबडी ओळ गेली.

ग्रंथालय आहे की नाही हे तपासायला यंत्रात पीकेजी-कॉन्फिग नावाचा एक कारकून असतो. तो शेवटी "पीसी" असलेल्या छोट्या चिठ्ठ्या शोधतो. प्रत्येक डेव्ह पाकिटात सहसा अशी एक चिठ्ठी असते: मी अमुक ग्रंथालय, माझी आवृत्ती एवढी, मी इथे राहतो, मला स्वतःला अमुक-अमुक लागतात. चिठ्ठी नाही तर त्याच्या लेखी ग्रंथालयच नाही. सरकारी कचेरीत गेलेल्यांना हे वेगळे समजवायला नको.

मग नातवाने एक युक्ती सांगितली. एपीटीला "बिल्ड-डेप" असा हुकूम असतो. एखादा प्रोग्रॅम घडवायला भांडारवाल्यांना जे जे सामान लागले, ते सगळे एकदम आणून देतो. हुकूम दिला तर म्हणे, आधी तुमच्या यादीत सोर्सचे पत्ते घाला. मिंटच्या सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये सोर्स कोडच्या भांडाराचे एक बटण असते, ते मुळात बंद असते. ते चालू केले, यादी ताजी केली, आणि भराभर पाकिटे उतरू लागली. मला वाटले काम झाले.

सीमेक पुन्हा चालवला तर पुन्हा तांबडे. कारण बिल्ड-डेपने आणलेले सामान हे भांडारातल्या 2.6 आवृत्तीचे होते. 3 मालिकेत ग्नूकॅशने आपली गृहस्थीच बदलली होती. पडद्यावरच्या खिडक्या जीटीकेच्या दुसऱ्या पिढीतून तिसऱ्या पिढीत आलेल्या, वेबकिट नवे, आणि बूस्ट नावाच्या सी प्लस प्लसच्या संग्रहावर भर वाढलेला. मागच्या वर्षीच्या लग्नाची सामानाची यादी घेऊन बाजारात जावे तसे झाले. बरेचसे जुळते, जुळत नाही तेच अडवते.

म्हणून एक जुनी शंभर पानी वही काढली आणि खतावणी घातली. डाव्या रकान्यात सीमेकने मागितलेले नाव, मधे ते ज्या पाकिटात आहे त्याचे नाव, उजवीकडे भांडारातली आवृत्ती आणि हवी असलेली आवृत्ती. डावे आणि मधले नाव एकच असेल असे नाही. तिथे एपीटी-फाईल नावाचे साधन कामाला आले. हरवलेल्या फाईलचे नाव दिले की ती कोणत्या पाकिटात राहते ते सांगते, ते पाकीट तुमच्याकडे नसले तरी. अंदाजाने नावे टाकून बघण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

लिहिता लिहिता एक गोष्ट झाली. मला या सामानाची भीती वाटेनाशी झाली, कारण प्रत्येकाचे काम कळू लागले. ग्नूकॅशचे अहवाल स्कीम नावाच्या भाषेत लिहिलेले आहेत, म्हणून गाईल पाहिजे. ते अहवाल पडद्यावर वेबपानासारखे दिसतात, म्हणून वेबकिट, म्हणजे अख्खे ब्राउझरचे इंजिनच पाहिजे. आयसीयू हे ग्रंथालय जगातल्या लिप्या आणि भाषांचे नियम सांभाळते. लिबडीबीआय फाईलीतल्या तक्त्यांशी बोलते. एकही जण फुकट खुर्ची अडवून बसलेला नव्हता.

दोन मात्र अपवाद. एक ॲक्वाबँकिंग. सीमेक त्याच्यासाठी हटून बसला होता. वाचले तर ते जर्मनीतल्या बँकांशी ऑनलाइन व्यवहार करायला लागते! सावरगावच्या मंडळाचे जर्मनीत खाते नाही. अशा ऐच्छिक गोष्टी बंद करता येतात. सीमेकला हुकूम देताना "विथ ॲक्वाबँकिंग"ला "ऑफ" सांगायचे. तसेच ओएफएक्सही बंद केले, ते बँकांची स्टेटमेंटे परस्पर आत घेण्याची सोय आहे. प्रत्येक मागणी पुरवलीच पाहिजे असे नसते. काही मागण्या नाकारूनही गाडी पुढे जाते. फक्त कोणती नाकारायची हे वाचून ठरवावे.

दुसरा गूगलटेस्ट. हा प्रोग्रॅमच्या कामात कुठेच नसतो. तो घडवलेला माल तपासणारा, आमच्या भाषेत ऑडिटर. आणि ऑडिटर नसेल तर शाखाच उघडू देत नाहीत, तसा सीमेक अडून बसला. पाकीट घातले तरी सापडेना, कारण माझ्या आवृत्तीत ते तयार ग्रंथालय म्हणून न येता कोडच्याच रूपात एका कोपऱ्यात येऊन पडते. त्याचा पत्ता सीमेकला आपण हाताने सांगायचा असतो. सांगितला, पण सीमेकने आपल्या टिपणात आधीचाच रिकामा पत्ता धरून ठेवला होता. रिकाम्या फोल्डरात काम केल्याचा फायदा इथे झाला. सगळे पुसले, नव्याने चालवले. ऑडिटर साहेब खुर्चीवर बसले.

या आठवड्यात सल्ले पुष्कळ मिळाले. एकाने सांगितले, इंटरनेटवर कुठूनही नव्या आवृत्तीची पाकिटे उतरवा आणि जबरदस्तीने बसवा, फोर्स म्हणून हुकूम असतो. दुसरा म्हणाला, पुढच्या आवृत्तीचे भांडार यादीत जोडा, सगळे आपोआप येईल. मी दोन्ही केले नाही आणि कोणी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एक नवे ग्रंथालय आत आले की ते आपल्याबरोबर दुसरे नवे ओढते, आणि जुन्यावर उभे असलेले दहा प्रोग्रॅम लंगडे होतात. मग एपीटी म्हणतो, मोडकी पाकिटे अडकून पडली आहेत, आता मला काहीच करता येत नाही. मोठमोठ्यांची गाडी या अवलंबित्वापायी अडते. मार्च 2016 मध्ये एकाने आपले अकरा ओळींचे पाकीट एनपीएमच्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले, लेफ्ट-पॅड नावाचे, ओळीच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरण्याचे. तेवढ्यावर जगभरातले हजारो प्रकल्प घडवताना अडले, आणि भांडारवाल्यांना ते परत जागेवर ठेवावे लागले. अकरा ओळी! आमच्या शाखेत एकदा शिक्क्याची शाई संपल्याने दुपारपर्यंत ड्राफ्ट निघाले नव्हते, ते आठवले.

सातव्या दिवशी सीमेकच्या शेवटी तांबडे काही आले नाही. वहीत तोवर एकोणीस नोंदी झाल्या होत्या.

आता मेक, म्हणजे प्रत्यक्ष घडवणे. माझ्या यंत्रात दोन जीबी मेमरी. एका वेळी चार कामे दे म्हटले की मोठी फाईल आली की यंत्र धापा टाकते आणि कंपायलरलाच मारून टाकते. "किल्ड" एवढाच शब्द येतो. म्हणून एका वेळी एकच काम दिले आणि रात्री जेवून लावून ठेवले. टक्के हळूहळू चढत होते. मधे भाषांच्या फाईली सरसर गेल्या, त्यात "एमआर" दिसले, म्हणजे आपली मराठी. बऱ्याच भारतीय भाषांचे असे काम सी-डॅकच्या लोकांनी करून ठेवले आहे. सौंसर-पांढुर्ण्याची माणसे आपण, 1956 पासून मराठी घरात आणि हिंदी कचेरीत. परदेशी प्रोग्रॅमच्या पोटात आपली भाषा निघून गेलेली बघून बरे वाटले, खोटे कशाला सांगू.

रात्री केव्हातरी लाईन गेली. बॅटरी तर नावालाच. सकाळी यंत्र चालू केले. मेकची एक चांगली सवय आहे, झालेले काम तो पुन्हा करत नाही, राहिले तिथून धरतो. पण पुढे एका जागी जोडणी करताना अडला; म्हणे फाईल ओळखू येत नाही, अर्धवट कापलेली आहे. लाईन गेली त्या क्षणी जी फाईल लिहिली जात होती ती अर्धीच राहिली होती, आणि तारखेवरून मेकला ती पूर्ण वाटत होती. तेवढी एक पुसली. मेकने ती नव्याने केली आणि पुढे गेला. संध्याकाळी दिवेलागणीला शंभर टक्के दिसले.

बसवले ते माझ्या घरच्या फोल्डरात, यंत्राच्या सामायिक जागेत नाही. जुने 2.6 आपल्या जागी शाबूत.

खजिनदारांची फाईल उघडली. डावीकडे खात्यांचे झाड आले. "वर्गणी", "औषध मदत", "वाहन", "सिलिंडर अनामत". प्रत्येक घराच्या नावाचे पोटखाते. एप्रिलच्या पानावर अठ्ठावीस नोंदी होत्या, काही रात्री दोनच्या, काही पहाटे पाचच्या. तारीख, रक्कम, कोणाला, कशासाठी, पैसे रोख दिले की फोनवरून. शेवटची नोंद त्यांना ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशीची. मी बराच वेळ काही टाईप न करता नुसता खाली-वर बघत बसलो. हिशेबनीसाचे अक्षर ओळखू येते म्हणतात ना, तसे टाईप केलेल्या शेऱ्यांतही त्यांचे अक्षर दिसत होते. "नंतर विचारणे" असे ते वहीतही लिहायचे.

सिलिंडरची अनामत 30,000 रुपये होती आणि ती परत यायची होती, हे कोणाच्या ध्यानातच नव्हते. पुरवठादाराकडे माणूस पाठवला, त्याने वही काढून कबूल केले आणि पंधरा दिवसांत दिली. बाकीच्या रकमा ज्या घरांना गेल्या त्या घरांनी, मी नाव न सांगता नुसते विचारले तरी, आपणहून सांगितल्या. सगळे जुळले, फक्त एक सोडून. ग्नूकॅशमध्ये एखाद्या नोंदीची दुसरी बाजू तुम्ही दिली नाही तर तो स्वतःच "इम्बॅलन्स-आयएनआर" नावाचे खाते उघडून फरक तिथे टाकतो. आमच्या बँकेतले सस्पेन्स खाते. त्यात 1,850 रुपये होते, शेरा, "नंतर विचारणे."

सभा देवळाच्या ओसरीवर झाली, तोंडाला मास्क लावून, लांब लांब बसून. अहवालाच्या प्रती मी पांढुर्ण्यातून काढून आणल्या होत्या. ज्यांच्या घरी मदत गेली त्यांची नावे मी कागदावर घातली नाहीत, फक्त क्रमांक घातले. ज्याचा त्याला क्रमांक माहीत. वाचून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. मग सगळ्यात जास्त बोलणारे जे गृहस्थ होते तेच म्हणाले, "1,850 चं काय करायचं?" कोणीतरी म्हणाले, मी भरतो. दुसरा म्हणाला, मी भरतो. मी म्हटले, कोणी भरायचे नाहीत. त्यांनी विचारायचे ठरवले होते, ते राहून गेले, नोंद तशीच राहू द्या. वहिनी मागे बायांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला.

ती नोंद अजून आहे. दर वर्षीच्या अहवालात शेवटून दुसरी ओळ तीच असते. त्यानंतर मी हिशेबाची पद्धत थोडी बदलली. तीन महिन्यांनी अहवाल कागदावर छापून दोघांच्या सह्या घेतो आणि फाईलबरोबर कोणत्या प्रोग्रॅमची कोणती आवृत्ती वापरली ते एका चिठ्ठीवर लिहून पेनड्राइव्हच्या डबीत ठेवतो. तो 32 बिटचा लॅपटॉप आता निवृत्त झाला. नव्या यंत्रावर ग्नूकॅश एका क्लिकमध्ये येते, काही घडवावे लागत नाही.

वही मात्र ठेवली आहे. एकोणीस नावे, त्यांची पाकिटे, कोणते बंद करता येते, गूगलटेस्टचा पत्ता कसा सांगायचा, सगळे त्यात आहे. जुन्या यंत्रावर असे काही करायची कोणावर वेळ आली असेल तर इथेच लिहा, पानांचे फोटो काढून पाठवतो. अक्षर वाचता येईल एवढे बरे आहे.

राम राम.